आधी सेव्ह, मग ‘येते हं!’

मे महिना, २००४ साल. बेळगावहून पुणे, पुण्याहून इंदूर आणि इंदुराहून देवास असा दोन दिवसांचा प्रवास करून मी आत्याच्या घरी पोचले होते. माळव्याचं ऊन आपल्याकडच्यासारखं घाम काढत नाही, सरळ भाजतं. पण संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं की हवा अशी काही सुटते की दुपारचं सगळं विसरायला होतं. अशाच एका संध्याकाळी, सात वाजायच्या सुमाराला, मी आत्याच्या घरात एक उद्योग करून ठेवला. वीस वर्षं उलटून गेली, तरी त्याची आठवण झाली की कान गरम होतात.

झालं काय, की आतोबांना त्यांच्या आजीच्या ट्रंकेत एक मोडी पत्र सापडलं होतं. ही आजी मूळची आपल्याकडची, गोकाकच्या बाजूच्या एका खेड्यातली. माहेर कानडी बोलणारं, सासर देवासचं मराठी. तिने भावाला लिहवून घेतलेलं हे पत्र कधी पाठवलंच नव्हतं. का नाही पाठवलं, ते सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. तिला स्वतःला लिहिता येत नसे, म्हणून दरबारातल्या कुणा कारकुनाला बसवून तिने मजकूर सांगितला होता. कागद चार घड्यांचा, पिवळा, घडीवर जाळी पडलेला. घरात मोडी वाचू शकणारे एकटे आतोबाच, आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. म्हणून त्यांनी भिंगातून वाचायचं आणि मी कॉम्प्युटरवर टाइप करायचं, असं ठरलं. स्कॅन करायचं काम आतेभावाने दुसऱ्या दिवसावर ठेवलं होतं.

चार वाजता बसलो. तीन तासांत सगळं पत्र उतरलं. आणि तेवढ्यात लाईट गेली.

आठ खिडक्या आणि एक शिट्टी

कॉम्प्युटरखालच्या युपीएसने ‘पीं… पीं…’ सुरू केलं. बॅटरी जुनी. आतेभाऊ ओरडला, “ताई, पाच मिनिटं आहेत, सगळं बंद कर!” पडद्यावर आठ खिडक्या उघड्या. मराठी टायपिंगच्या दोन, एक शब्दकोश, एक पत्त्यांचा खेळ, एक ई-मेलची, एक कॅल्क्युलेटर, फोटोंचा एक फोल्डर, आणि आठव्या खिडकीत कुमार गंधर्वांचं गाणं चालू. नुकताच एक क्लास करून आले होते, त्यामुळे मला वाटलं, एकेक बंद करत कशाला बसायचं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, यादीत जे जे ओळखीचं दिसलं ते निवडलं आणि ‘एंड प्रोसेस’ दाबत सुटले. दर वेळी एक इशारा यायचा, त्यालाही न वाचता ‘येस’. वीस-पंचवीस सेकंदांत पडदा स्वच्छ! मी अभिमानाने मागे वळून पाहिलं.

आतोबांनी शांतपणे विचारलं, “बेटा, पत्र सेव्ह केलंस ना?”

केलं नव्हतं. फाइलला नावसुद्धा दिलं नव्हतं. आमचा टायपिंगचा प्रोग्रॅम साधा होता, स्वतःहून काही जपून ठेवणारा नव्हता. गेलं ते गेलं.

“हरकत नाही, कागद आहे ना, उद्या परत वाचू,” आतोबा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद उलगडताना मधली घडी तुटली आणि भुगा हातात आला. तीन ओळी कायमच्या गेल्या. आत्या काहीच बोलली नाही, नुसती चहा ठेवायला आत निघून गेली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या तीन ओळींचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी, माझं नक्की काय चुकलं ते बघू. कारण वाचकहो, ही चूक आजही घरोघरी होते. मुलाचा प्रोजेक्ट, सूनबाईंचा ऑफिसचा तक्ता, सासऱ्यांच्या पेन्शनचा अर्ज, सगळं असंच एका क्षणात जातं.

बंद करणं आणि मारून टाकणं

कॉम्प्युटरला दोन प्रकारची स्मरणं असतात. एक कायमचं, म्हणजे हार्ड डिस्क. दुसरं तात्पुरतं, म्हणजे रॅम. आपण टाइप करतो ते आधी रॅममध्ये असतं. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे कपाट. ‘सेव्ह’ केलं की पदार्थ कपाटात जातो. वीज गेली की ओटा पुसला जातो, कपाट तसंच राहतं.

आता प्रोग्रॅम थांबवण्याचेही दोन प्रकार आहेत. कोपऱ्यातली फुली दाबली, किंवा ऑल्ट आणि एफ-४ ही बटणं एकत्र दाबली, की विंडोज त्या प्रोग्रॅमला निरोप पाठवते, ‘बाबा, आता आवर.’ मग तो प्रोग्रॅम ओटा तपासतो, काही उरलं असेल तर आपल्याला विचारतो, ‘हे ठेवू का?’ आपण हो म्हटलं की कपाटात ठेवतो आणि मग जातो. ही झाली विनंती.

‘एंड प्रोसेस’ म्हणजे विनंती नव्हे. तिथे प्रोग्रॅमला काही विचारलंच जात नाही. विंडोज त्याचा ओटाच काढून घेते. त्याला ‘सेव्ह करू का?’ एवढं म्हणायचीही संधी मिळत नाही. मी न वाचता ‘येस’ म्हटलेला तो इशारा नेमकं हेच सांगत होता, की यामुळे माहिती नष्ट होऊ शकते.

लिनक्स वापरणाऱ्यांना हा फरक आकड्यांत दिसतो. तिथे प्रोग्रॅमला पाठवायच्या खुणांना क्रमांक असतात. १५ क्रमांकाची खूण म्हणजे ‘आवरून निघ’. ती प्रोग्रॅमला ऐकू येते, तो आवराआवर करू शकतो. ९ क्रमांकाची खूण म्हणजे ‘संपलास’. ती त्याला ऐकूसुद्धा येत नाही. म्हणून जाणकार नेहमी १५ आधी वापरतात, आणि प्रोग्रॅम हटूनच बसला तर ९.

मला तर यात आपल्या घरची रीत दिसते. आपण कुणाच्या घरून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते हं’ म्हणतो. कानडीतही नुसतं ‘होगतीनि’ म्हणणं बरं दिसत नाही, ‘होगि बर्तीनि’ म्हणायचं. निघायचंच असतं, पण निरोप घेऊन, पर्स-छत्री राहिली नाही ना ते बघून. कॉम्प्युटरलाही तेवढी सवड लागते.

धारचा धडा

तिसऱ्या दिवशी मन रमवायला म्हणून आत्याने मला धारला नेलं, तिच्या नणंदेकडे. देवास आणि धार ही दोन्ही पवारांची संस्थानं. धारच्या किल्ल्यातच १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. देवासचं तर आणखी वेगळं. एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे आणि दोन दरबार. आपल्या बाजूशीही नातं आहेच. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर गेले आणि शहाजी महाराज झाले. पुढच्याच वर्षी, २८ मे १९४८ रोजी, मध्य भारत संघाचं उद्घाटन झालं आणि ग्वाल्हेर-इंदुरापासून धार-देवासपर्यंतचे कितीतरी दरबार एकदमच आटोपले. आतोबा मला चिडवत म्हणाले होते, “बघ, एवढे सगळे दरबार एकदम बंद केले, पण आधी करार लिहून, सह्या घेऊन. तू मात्र…”

धारला कॉम्प्युटरची एक वेगळीच गोष्ट ऐकायला मिळाली. जानेवारी २००० मध्ये या जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ नावाची योजना सुरू झाली होती. खेड्यापाड्यांत, बाजाराच्या गावी, रस्त्याच्या कडेला छोटी केंद्रं काढली. त्यांना सूचनालय म्हणायचे. गावातलाच थोडा शिकलेला तरुण ते केंद्र चालवायचा, त्याला सूचक म्हणत. टेलिफोनच्या तारेवरून ही केंद्रं जिल्ह्याच्या मुख्य कॉम्प्युटरला जोडलेली. शेतकऱ्याने यायचं, थोडे पैसे द्यायचे आणि मंडीतले भाव विचारायचे, जमिनीच्या नोंदीची नक्कल मागायची, जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज टाकायचा, नाहीतर तक्रार नोंदवायची. तालुक्याला हेलपाटा नाही. आदिवासी वस्तीच्या या जिल्ह्यातल्या प्रयोगाला २००० सालीच स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. आपल्या कर्नाटकातली जमिनीच्या उताऱ्यांची ‘भूमी’ योजना गाजली ती त्यानंतर, २००१ मध्ये.

पण कागदावर सुंदर दिसणाऱ्या या योजनेला दोन गोष्टींनी जेरीस आणलं, फोनची लाईन आणि वीज. त्या काळात मध्य प्रदेशात विजेचे किती हाल होते ते सांगायला नको. २००३ ची विधानसभा निवडणूकच ‘बिजली, सड़क, पानी’ या तीन शब्दांवर लढली गेली. पुढे काही वर्षांत ज्ञानदूत मागे पडली आणि देशभर कॉमन सर्व्हिस सेंटर्स आली. पण वीज गेल्यावर हातातला अर्ज वाचवायचा कसा, हा प्रश्न आजच्या केंद्रवाल्यालाही सुटलेला नाही.

आत्याच्या नणंदेच्या शेजारचा मुलगा एका खेड्यात असंच केंद्र सांभाळत असे. मी माझी फजिती सांगितली तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, “दीदी, हमारे यहाँ पोहे पर सेव आख़िर में डालते हैं। कंप्यूटर पर सेव पहले।” तो सांगत होता, सुरुवातीला त्याचंही एका म्हातारबाबांचं अर्धं भरलेलं निवेदन असंच उडालं. बाबा आठ मैल चालत आले होते. त्या दिवसापासून त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवलं, ‘बत्ती गुल, पहले सेव.’ आणि एक सवय लावून घेतली. गिऱ्हाइकाचं काम चालू असताना दुसरी एकही खिडकी उघडी ठेवायची नाही. “बंद करना ही न पड़े, वो सबसे जल्दी,” तो म्हणाला. मला वाटतं, एवढा साधा आणि एवढा पक्का उपाय मी नंतर कुठल्याच पुस्तकात वाचला नाही.

मग पटापट बंद करायचं तरी कसं?

घाई कधीतरी होणारच. युपीएस ओरडतो, रिक्षा दारात उभी असते, मशीन जड होऊन रांगायला लागतं. तेव्हा दहा खिडक्या एकदम बंद करायच्या तर काय करावं? इतक्या वर्षांत जे शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट, सेव्ह. ज्या खिडकीत काम चालू आहे तिथे कंट्रोल आणि एस. पाच खिडक्यांत काम असेल तर पाच वेळा. ऑल्ट दाबून धरून टॅब दाबत गेलं की खिडक्या एकामागून एक समोर येतात. दहा सेकंदांचं काम आहे. नावाशिवायच्या फाइलला घाईत काहीही नाव द्या, ‘अअअ’ दिलं तरी चालेल, बारसं नंतर करता येतं.

दुसरी गोष्ट, एकाच जातीच्या अनेक खिडक्या. समजा पत्रांच्या सहा फाइल्स उघड्या आहेत. आजच्या विंडोजमध्ये खालच्या पट्टीवरच्या त्या चित्रावर उंदराचं उजवं बटण दाबलं की ‘क्लोज ऑल विंडोज’ असा पर्याय येतो. एका फटक्यात सहाही खिडक्यांना निरोप जातो, आणि ज्यांचं काही उरलंय त्या विचारतात. २००४ च्या त्या विंडोज एक्सपीमध्ये तर आणखी एक छान सोय होती, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती. कंट्रोल दाबून धरायचं, खालच्या पट्टीवरची हवी ती बटणं एकेक करून निवडायची, वेगवेगळ्या प्रोग्रॅमची असली तरी चालतील, आणि मग उजवं बटण दाबून ‘क्लोज ग्रुप’ म्हणायचं. आठही खिडक्या सभ्यपणे बंद झाल्या असत्या, आणि पत्राच्या खिडकीने मला विचारलं असतं, ‘ठेवू का?’

तिसरी गोष्ट, सगळंच एकदम. याचा सर्वांत सोपा उपाय आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे, पण आपण त्याला उपाय समजत नाही. तो म्हणजे ‘साइन आउट’ किंवा ‘शट डाउन’. हा पर्याय निवडला की विंडोज स्वतःच प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमकडे जाऊन विचारते, ‘आवरलं का?’ ज्यांचं आवरलंय ते मुकाट्याने बंद होतात. ज्यांचं काही राहिलंय त्यांची नावं पडद्यावर येतात. इथे मात्र थांबा! खाली ‘तरीही बंद करा’ अशा अर्थाचं बटण असतं, ते घाईत दाबलं की माझ्यासारखी गत होते. ‘कॅन्सल’ म्हणा, त्या खिडकीत जा, सेव्ह करा आणि मग पुन्हा बंद करा. ॲपलच्या कॉम्प्युटरवरही हीच रीत आहे. तिथे एका प्रोग्रॅमसाठी कमांड आणि क्यू, आणि सगळ्यांसाठी लॉग आउट.

चौथी गोष्ट, बंदच न करणं. युपीएसवर पाच मिनिटं उरली असतील आणि पसारा मोठा असेल, तर ‘हायबरनेट’ हा पर्याय शोधा. यात ओट्यावरचा सगळा पसारा जसाच्या तसा कपाटात उचलून ठेवला जातो आणि मशीन पूर्ण बंद होतं. वीज आली की सगळं होतं तिथेच सापडतं. काही मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो, एकदा सवडीने मुलांकडून तो चालू करून घ्या. ‘स्लीप’ आणि हे एकच समजू नका. स्लीपमध्ये पसारा ओट्यावरच राहतो आणि त्याला थोडी थोडी वीज लागतच असते. युपीएस संपला की तोही गेला.

आणि शेवटची गोष्ट, टास्क मॅनेजर. हे औषध आहे, जेवण नव्हे. एखादा प्रोग्रॅम खरंच गोठला, फुली दाबून दोन मिनिटं वाट बघूनही हलत नाही, तेव्हाच ते काढायचं. तिथे बंद केलेल्या प्रोग्रॅममधलं न ठेवलेलं काम गेलं असंच धरून चालायचं. यादीतल्या अनोळखी नावांना तर हातच लावू नये, त्यांतली बरीचशी विंडोजच्या स्वतःच्या संसारातली माणसं असतात. थोडी अधिक माहिती असलेल्यांसाठी ‘टास्ककिल’ नावाची लिहून द्यायची आज्ञाही आहे, तिच्यात एकाच ओळीत अनेक प्रोग्रॅमची नावं देता येतात. पण तिथेही तोच नियम. नुसती आज्ञा दिली तर विनंती, पुढे ‘एफ’ जोडला तर सक्ती.

कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन बटणांची एक गंमत सांगते. ही जोडी आयबीएम कंपनीच्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने बसवली, १९८१ साली त्यांचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात येण्याच्या आधी. तेव्हा तिचं काम होतं मशीन पुन्हा सुरू करणं. चुकून एका हाताने दाबली जाऊ नयेत, म्हणून बटणं मुद्दाम लांब लांब निवडली. म्हणजे सगळं एकदम बंद करणारी गोष्ट थोडी अवघड असावी, हे ज्याने ती बनवली त्यालाही कळत होतं.

मोबाइलवर मात्र उलटा प्रकार आहे. कितीतरी लोक दर तासाला सगळी ॲप्स वर सरकवून ‘साफ’ करतात, बॅटरी वाचावी म्हणून. त्याची गरज नसते. मागे गेलेली ॲप्स फोन स्वतःच थंड करून ठेवतो, आणि पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त वीज जाते. ॲपल कंपनीच्या क्रेग फेडेरिगी यांनी २०१६ साली एका ग्राहकाला हेच कळवलं होतं. एखादं ॲप अडकलंच तर तेवढं बंद करावं, बाकीच्यांच्या मागे लागू नये.

त्या तीन ओळी

आता राहिलेली गोष्ट.

धारहून परतल्यावर रात्री अंगणात बसलो होतो. समोर चामुंडा मातेची टेकडी, वर दिवे. त्याच टेकडीच्या पायथ्याशी कुमारजींचं घर, ‘भानुकुल’. आपल्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला जन्मलेला हा मुलगा मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकला, आणि १९४८ साली क्षयाने खंगलेल्या अवस्थेत कोरड्या हवेसाठी देवासला आला. गाणं बंद. वर्षामागून वर्षं बंद. त्या गप्प काळात त्याने कान उघडे ठेवले, माळव्याच्या बायकांची गाणी ऐकली, आणि पुन्हा गायला लागला तेव्हा ती सगळी त्याच्या गळ्यात होती. १२ जानेवारी १९९२ ला ते गेले तेही देवासातच. कानडी मुलखातून देवासला येऊन इथलंच होऊन राहिलेलं माणूस म्हटलं की सगळ्यांना कुमारजी आठवतात. आतोबांची आजीही तशीच आली होती, फक्त तिचं नाव कुणाला ठाऊक नाही.

मी पुन्हा माफी मागायला लागले. आतोबा म्हणाले, “थांब. तीन तास भिंग लावून वाचलंय मी. डोळे गेले तरी कान आहेत. लिही.” आणि अंधारात, डोळे मिटून, त्यांनी त्या तीन ओळी सांगायला सुरुवात केली. या वेळी माझ्यासमोर पडदा नव्हता. नुसती वही आणि कंदील.

“येथे सर्व क्षेम आहे. कामाची कमती नाही. सांज झाली म्हणजे तवर मनी याद येते…”

मी थांबले. पहिल्या दिवशी मीच हे टाइप केलं होतं, ‘तवर’ वेगळं, ‘मनी’ वेगळं. तोवर मनात याद येते, असा अर्थ आम्ही दोघांनीही लावला होता आणि जरा अडखळूनच पुढे गेलो होतो. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, सगळी ओळ सलग असते, ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद नाही. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं. पहिल्या वेळी माझे डोळे पडद्यावर होते. आता नुसते कान होते.

“आतोबा, हे मराठी नाही,” मी म्हटलं. “तवरमनि! कानडी आहे. तवरमनि म्हणजे माहेर.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “सांज झाली म्हणजे माहेरची याद येते…” कारकुनाला कानडी येत नव्हतं. ती बोलली तसं त्याने लिहिलं. इतक्या वर्षांच्या मराठी संसारानंतरही तो एक शब्द तिला मराठीत सांगावासा वाटला नव्हता.

आत्या आतून आली. तिने ते ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. तीही बेळगावचीच ना. “लिहिलंस?” तिने विचारलं. लिहिलं होतं. “मग आधी ते कपाटात ठेव,” ती म्हणाली.

त्या रात्री लाईट अकराला आली. मी कॉम्प्युटर लावला, वहीतलं उतरवलं, फाइलला आजीचं नाव दिलं, सेव्ह केलं, पुन्हा उघडून खात्री केली, आणि दुसरी प्रत एका सीडीवर काढली. मग एकेक खिडकी फुलीवर बोट ठेवून बंद केली. घाई अजिबात नव्हती.

आज ते मशीन नाही. विंडोज एक्सपीची कंपनीकडून मिळणारी मदतही ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली, योगायोगाने कुमारजींच्याच वाढदिवशी. आतोबाही नाहीत. ती फाइल मात्र माझ्याजवळ आहे, आतेभावाकडे आहे, माझ्या मुलीच्या लॅपटॉपवरही आहे. परवा तिची परीक्षेची घाई चालली होती, वीस खिडक्या उघड्या, आणि ती चिडून म्हणाली, “आई, हे सगळं एकदम कसं बंद करायचं गं?”

मी म्हटलं, “आधी सेव्ह कर. मग त्यांना ‘येते हं’ म्हणायला दोन सेकंद दे.”

कात्रण काढून कॉम्प्युटरजवळ चिकटवा

• काम सुरू करतानाच फाइलला नाव द्या. दर दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस.
• वीज गेली की पहिलं सेव्ह, नंतर बाकी सगळं.
• एकाच प्रोग्रॅमच्या अनेक खिडक्या: खालच्या पट्टीवरच्या चित्रावर उजवं बटण, मग ‘क्लोज ऑल विंडोज’.
• सगळंच बंद करायचं असेल तर ‘साइन आउट’ किंवा ‘शट डाउन’. एखादा प्रोग्रॅम अडला तर ‘कॅन्सल’ म्हणून त्याचं काम ठेवा.
• पसारा मोठा आणि वेळ थोडा असेल तर ‘हायबरनेट’.
• टास्क मॅनेजर फक्त गोठलेल्या प्रोग्रॅमसाठी, आणि इशारा वाचल्याशिवाय ‘येस’ नाही.
• जुनं कागदपत्र हाती आलं तर टाइप करण्याआधी त्याचा फोटो काढा. घडी दुसऱ्यांदा उलगडेलच असं नाही.